आक्काने सांगितलेली नदी

३ फेब्रुवारी
गादी फार मऊ. शेवटी खाली फरशीवर उतरलो, तेव्हा कुठे डोळा लागला. सकाळी ताई चहा घेऊन आल्या. मला खाली बघून कप पलंगावर न ठेवता माझ्याशेजारी फरशीवर ठेवला. बरं वाटलं.

हे घर ताई चालवतात. नऊ खोल्या. आम्ही पाच जण फौजेतून सुटलेले, बाकीचे असेच कुठून कुठून आलेले. सहा महिने राहायचं, तब्येत आणि कागदपत्रं मार्गी लावायची, मग आपापली खोली. सहा महिने म्हणजे किती, ते अजून डोक्यात बसत नाही. स्टेडियमच्या पायऱ्यांखाली झोपत होतो, तेव्हा दिवस मोजायची सवयच गेली.

५ फेब्रुवारी
खोलीला किल्ली आहे. सारखा खिसा चाचपतो.

९ फेब्रुवारी
समोरच्या खोलीत एक आजी आहेत. सगळे आक्का म्हणतात. बस स्टँडवर सापडल्या होत्या, नाव-गाव सांगत नाहीत. विसरतात, असं ताई म्हणाल्या. आज जिन्यात मला अडवलं, नखशिखांत बघितलं आणि म्हणाल्या, "धाकट्या, किती वाळलास रे." मी तुमचा भाऊ नाही, म्हणून सांगितलं. त्यांचं लक्ष माझ्या शर्टाच्या तुटक्या बटणाकडे! संध्याकाळपर्यंत बटण लागलेलं होतं. शर्ट मी कधी काढून दिला, देव जाणे.

२० फेब्रुवारी
ताई मला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवतात. त्या म्हणाल्या, फौजेच्या आधीचं काहीतरी सांगा. लहानपणचं. मी खिडकीकडे बघत बसलो. अठरा वर्षं वायरलेसवर काढली, कानातली खरखर अजून गेलेली नाही. मागचं आठवायला गेलं की तीच सुरू होते. पलीकडे कोणीतरी बोलत असतं, शब्द लागत नाहीत.

काही नाही, म्हटलं. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. शहाण्या आहेत.

१ मार्च
दुपारी गच्चीवर आक्का चादरी वाळत घालत होत्या. मी दुसरं टोक धरलं. चादर वाऱ्याने फुगली, त्या पलीकडे दिसेनाशा झाल्या आणि नुसता आवाज यायला लागला. आपलं नदीकाठचं घर आठवतं का, म्हणाल्या. निळी खिडकी? पांढरी शेळी — तुझ्यामागून शाळेपर्यंत यायची आणि वर्गाच्या दारात बसून राहायची? मास्तर हजेरीत तिचंही नाव घ्यायचे?

मी हसलो. स्वतःचंच हसू ऐकून दचकलो.

१२ मार्च
आज आक्काला चुकून 'तू' म्हणालो. तिला काहीच वाटलं नाही. म्हणजे बरोबरच असावं.

३० मार्च
रोज दुपारी थोडं थोडं सांगते. नदीला पाणी कमी झालं की मधला खडक वर यायचा, त्यावर आम्ही दोघं पालथे पडायचो. खडक पोटाला गरम लागायचा. मला पोहायला तिनेच शिकवलं — हनुवटीखाली हात धरून. मग एक दिवस हात काढून घेतला आणि सांगितलंच नाही!

आज जेवणानंतर पडलो होतो तर पाण्याचा आवाज आला. नळ नव्हता. हनुवटीखाली कोणाचा तरी हात होता. जागा झालो तेव्हा पलंगावर होतो, गादीवर. किती दिवसांपासून तिथे झोपतोय कोण जाणे.

१८ एप्रिल
डॉक्टरीणबाईंना नदी सांगितली. शेळीही. माझी म्हणून. त्या खूश झाल्या, या वेळी लिहून घेतलं. घरी येईपर्यंत मान वर करवेना. कोणाच्या तरी भावाचं लहानपण मी अंगावर घालून फिरतोय. तो भाऊ कुठे असेल?

पण परत द्यायचं म्हटलं तर माझ्याकडे काय उरतं?

६ मे
प्रेसमध्ये काम मिळालं. कागदाची रिळं उतरवायची.

२ जुलै
ताईंनी ऑफिसात बोलावलं. दोन बातम्या. माझी खोली तयार आहे, एक तारखेला जायचं. आणि आक्काचा फोटो त्यांनी दवाखान्यांमध्ये पाठवला होता, तिथल्या एका नर्सने तो ओळखला. आक्काचा धाकटा भाऊ आहे, जिवंत आहे, दोन वर्षं शोधतोय. रविवारी येईल.

छान झालं, म्हटलं. गच्चीवर गेलो आणि वाळलेल्या चादरी पुन्हा एकदा वाळत घातल्या.

७ जुलै
खरा भाऊ आला. काठी टेकत, हळूहळू. आक्काने त्याला लगेच ओळखलं. दोघं हात धरून बसून राहिले. ताईंना तो सांगत होता — त्याची बायको गेली, मग तो आजारी पडला. तेव्हा हिने ठरवलं की त्याच्या मुलांवर दोन म्हाताऱ्यांचं ओझं नको. एक दिवस पिशवी घेतली आणि निघाली.

मला राहवलं नाही. नदीकाठचं घर अजून आहे का, विचारलं.

"कसली नदी?" तो म्हणाला. "आम्ही पाण्याच्या टाकीमागच्या क्वार्टरमध्ये वाढलो. तिसरा मजला."

शेळीचं काही विचारलंच नाही. तोच सांगत होता — आक्का चाळीस वर्षं बालवाडीत होती, मूल रडायला लागलं की काहीही रचून सांगायची.

ती पिशवी भरत होती. मी दारात उभा राहिलो. तुला सगळं माहीत होतं का, विचारलं.

"विसरते मी थोडं. पण भाऊ कोण, एवढं कळतं." साडीची घडी घालत राहिली. "तुझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं रे. हातउसनं दिलं तुला. आता तुझं तू काढ."

रिक्षा वळेपर्यंत मागे बघत होती.

८ जुलै
रागच आला. दिवसभर.

९ जुलै
आज नाही.

२१ जुलै
रीळ उतरवताना कागदाचा वास आला आणि एकदम — शिवणयंत्र. पॅडलचा आवाज. मी त्याखाली बसलोय, चिंध्या गोळा करतोय. वरून कोणीतरी पायानेच मला बाजूला सारतंय, हळूच. हे आक्काने कधी सांगितलं नव्हतं. हे कोणीच सांगितलेलं नाही.

खरखर नव्हती. किती तरी वेळ नव्हती. फोरमन ओरडला तेव्हा भानावर आलो.

२७ जुलै
दुपारी ताईंच्या टेबलावरून गावी फोन लावला. नंबर मला येत नव्हता, बोटांना येत होता. आईने उचलला. तिचा आवाज ऐकून अकरा वर्षं झाली होती. मी नाव सांगितलं. मागे नळ वाहत होता, तो तिने बंद केला. मग म्हणाली, "पुढचं दार हल्ली अडकतं. मागून ये."