सत्तरीत आणखी काय होणार

३ ऑक्टोबर २००३
सत्तरीत आणखी काय होणार, म्हणाला तो डॉक्टर. यांच्याकडे न बघता, आमच्या यशदीपकडे बघून! हे शर्ट उलटा घालून बसलेले. सकाळपासून मले त्यांच्या बहिणीच्या नावानं, वनमाला म्हणून, हाका मारून राहिले. मी सांगितलं – महिन्याभरापूर्वी हे न्हाणीत घसरले, डोकं आपटलं. त्याआधी तात्यापाऱ्याच्या बाजारातून स्वतः भाजी आणत, आमचं शहर राजधानी झाल्यापासून भाव कसे चढले यावर वाद घालत. त्यानं ऐकलंच नाही. शक्तीच्या गोळ्या लिहिल्या. यशदीपनं मान हलवली. माझा पोटचा पोट्टा!

५ ऑक्टोबर
सून रुचिता शेजारच्या शारदाले सांगत होती, बाबांना आता काही समजत नाही. हे तिथंच बसलेले. यांच्या डोळ्यात पाणी आलं. मी पाहिलं.

६ ऑक्टोबर
यशदीपशी भांडले. तो म्हणे, "मम्मी, उमर है. मान लो." मी म्हटलं, तू चाळीसचा. उद्या तू असा बरळायला लागला तर तुलेही गोळ्याच द्यायच्या का? त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

७ ऑक्टोबर
संताप जात नाही. माणसाचं सामान करून टाकलं घरच्यांनी. बाबाले उठवा, बाबाले सरकवा. लग्नापासून नवऱ्याचं नाव घेतलं नाही, आज लिहिते – दयाराम गजभिये. रेल्वेत गार्ड होते. सामान नाही.

८ ऑक्टोबर
कोणालेच न सांगता यांना रिक्षात बसवलं आणि दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. तरुण बाई. तिनं खुर्ची यांच्यासमोर ओढली. "दयारामजी, आपको क्या तकलीफ है?"
यांना शब्द सापडेना. ती थांबली. मी मधे बोलायला गेले तर मलेही थांबवलं. शेवटी हे म्हणाले, "डोकं… भरल्यासारखं." मग तिनं माझं ऐकलं, पडल्याचं दोनदा विचारलं आणि लगेच डोक्याचं स्कॅन करायला पाठवलं. कवटीच्या आत रक्त साचलंय. मेंदूवर दाब. वय नव्हतं ते – रक्त होतं!

९ ऑक्टोबर
ऑपरेशनवाला मोठा डॉक्टरही अडला. या वयात धोका आहे, घरी नेऊन विचार करा. यशदीप दारात उभा, हव-हव करत मान डोलवत. मी डॉक्टरले हिंदीत विचारलं, हा माणूस चाळीसचा असता तर काय केलं असतं? तो म्हणाला, आजच डोकं उघडलं असतं.
"मग आजच उघडा. हृदय तपासा, रक्त तपासा. जन्मतारीख काय तपासता?"
तपासलं. हृदय ठणठणीत निघालं. सहीचा कागद यशदीपपुढे धरला होता, मी ओढून घेतला.

१० ऑक्टोबर
झालं. श्वास चालू आहे.

१५ ऑक्टोबर
मले माया म्हणाले, माझ्या नावानं! चहा पाणचट म्हणून नर्सवर चिडले. यशदीप पायाशी बसून रडला. मी त्याले उठवलं नाही.
दुपारी त्या पहिल्या डॉक्टरकडे गेले. स्कॅन टेबलावर ठेवलं. बाहेर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांना मोठ्यानं सांगितलं, न तपासता वय म्हणाला तर उठून दुसरीकडे जा. एक आजी खरंच उठल्या.

९ नोव्हेंबर
काही दिवसांपासून जिना चढताना मले धाप लागते, छाती आवळते. आज यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "वय झालं आता तुझं, माया. होते असं."
उद्या रिक्षा सांगितली आहे. एकटीच जाईन.