विहिरीवरचा दगड

१२ नोव्हें. ६१
आ. आज पुन्हा उगवला. आ. म्हणजे आमदार. त्याचं नाव या वहीत लिहायचं नाही असं ठरवलंय. वही माझी आहे. सत्तावन्नला निवडून गेला तो आज दिसला. बोरीला दुकानाच्या ओट्यावर मशीन चालवत होतो, समोर जीप थांबली. "भाऊराव, वस्तीत विहीर खोदायचा शब्द दिलता, पाळला का नाही?" सत्तावन्नचा शब्द, एकसष्ट संपत आलं तेव्हा. मी पोलक्याला हुक लावत राहिलो, वर पाहिलं नाही.

पण विहिरीला पाणी लागलंय, आणि गोड लागलंय. हे लिहितानाही चरफड होते. दीक्षा घेतल्यावर आपण मेलेली ढोरं ओढायची सोडली. त्यावर पाटलाने गावच्या विहिरीवरून हंड्यात पाणी ओतून देणंही बंद केलं. तेव्हापासून बायका नाल्याच्या रेतीत झिरे खोदून वाटीवाटीने हंडा भरतात. माझ्या बायकोच्या, कौसल्येच्या, नखांत बारा महिने रेती.

३ डिसें.
उद्‌घाटन. तोरणं, मांडव, यवतमाळहून आणलेला फोटोवाला. पहिला हंडा कौसल्येनं भरायचा असं आ.नेच ठरवलं होतं. ती नवं लुगडं नेसून कठड्यापाशी उभी. मग आ.ने दगडावरचा पडदा ओढला.

'हरिजन विहीर'. खाली त्याचं नाव, त्याहून मोठ्या अक्षरात.

दौलतबाबा सगळ्यांत म्हातारे, वस्ती त्यांच्या शब्दाबाहेर नाही. त्यांना वाचता येत नाही, मला विचारलं. मी वाचून दाखवलं. ते पुढे झाले.
"साहेब, हे विहीर कोनाची हाय?"
"बाबा, तुमचीच."
"आमी तर बौद्ध हावो."
आ. हसला. हसला, हेच डोक्यात बसलंय. "अहो, योजनेचं नाव आहे ते. सरकारी काम. पाणी तर गोड आहे ना?"
कौसल्येनं हंडा खाली ठेवला, रिकामाच. मागच्या बायकांनीही ठेवले. शेवटी आ.ने स्वतः बादली काढली, ओंजळभर प्याला, फोटो काढून घेतला, गेला. मांडववाले दोर सोडत होते तरी आम्ही तिथेच उभे.

५ डिसें.
वामनराव येऊन गेला. आ.चा इथला माणूस, जीपच्या पुढच्या शिटावर बसणारा. म्हणे दगडाला हात लावाल तर सरकारी मालमत्तेची केस होईल. पोरं सब्बल घेऊन दगड उखडायला तयारच होती. दौलतबाबांनी अडवलं. "ज्यानं लावला त्यानंच काढावं. आपून कायले चोरासारखं काढावं?"

पटलं. पण पाणी? बाबा म्हणाले, दगड आहे तोवर थेंब नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही. घरी सांगितलं तर कौसल्या म्हणाली, "हंडा कोनाच्या डोक्स्यावर हाय?" आणि नाल्याला गेली.

मला तिचाच राग आला. आता लिहितोय तर कळत नाही, तिचा का आला.

९ जाने. ६२
विहारात बैठक. आ.ला एकही मत नाही. मत वकिलाला. वकील म्हणजे दारव्ह्याचा दुसरा उमेदवार. तो आपल्या वस्तीत आलेलाही नाही, कसलं वचन नाही. पाटील त्याच्या मागे आहे. हे कुणीतरी भीतभीत काढलं. मीच उठून बोललो, पाटील असो की कुणी, याला पाडायचं. टाळ्या. रक्त उसळलेलं असलं की टाळ्या फार गोड लागतात.

बैठकीत ठरलं की वस्ती एक. सत्तावन्नलाही असंच ठरलं होतं, आणि सगळी मतं याच्याच पेटीत गेली होती.

२ फेब्रु.
यंदा प्रत्येकाची वेगळी पेटी नाही. एकाच कागदावर सगळी चित्रं, हव्या त्यावर शिक्का मारायचा. वस्तीला शिकवायचं काम माझ्याकडे. अस्तराच्या कापडावर चौकोन आखले. घडी उभी घाला, आडवी घातली तर शाई दुसऱ्या चित्रावर उमटते आणि मत बाद. घडी शिकवायला शिंपीच बरा, असं बायका हसत होत्या. मी बजावलं, शिक्का कुठे मारला ते नवऱ्यालाही सांगायचं नाही, कायदा आहे. आणि लगेच सांगितलं, वकिलाच्या चित्रावर मारा. हे दोन्ही एका दमात बोललो. कौसल्या पाहत होती माझ्याकडे.

२० फेब्रु.
मतदान. आ.ने बायकांसाठी झेंडे लावलेल्या बैलगाड्या पाठवल्या. मी म्हटलं पायी चला. कौसल्या गाडीत चढून बसली, मागून सगळ्या. पाटील शाळेच्या दारात वकिलाच्या चिठ्ठ्या वाटत होता. पाणी तोडल्यापासून पहिल्यांदा मला "या भाऊराव" म्हणाला. मी चिठ्ठी घेतली. तिच्यावर शिक्का मारायच्या चित्राची खूण होती. मुठीत चुरगाळली, पण आत जाऊन मारला तिथेच.

संध्याकाळी कौसल्येला विचारलं, कुठे मारलास?
"तुमीच सांगतलं ना, नवऱ्याले बी सांगाचं नाई म्हनून."

१ मार्च
आ. आला निवडून.

आज बोरीला मिरवणूक. आ.ने मला गर्दीतून ओढून गळ्यात हात टाकला. "भाऊराव, तुमच्या गावात पाटील माझ्या विरोधात, तरी तिथं मलेच जास्त पडली. वस्ती माह्यासंग राह्यली. इसरनार नाई." गुलालाचा हात माझ्या सदऱ्याला पुसला गेला. मी म्हटलं, दगड? "होऊन जाईल, एकदा मुंबईहून येऊ द्या." पुढे सरकला.

सदरा तिथेच काढून फेकावासा वाटला. दौलतबाबांना काय तोंड दाखवू? वस्ती फुटली, आणि माझ्या घरापासून फुटली.

घरी येऊन ओरडलो. इतकी वर्षं ओरडलो नव्हतो. ती भाकर थापत होती, थापतच राहिली.
"हो. त्यालेच देलं. समद्याइनं देलं."
"बैठकीत ठरलं होतं."
"बैठकीत आमाले कोनं बलावलं? पाटलानं पानी बंद केलं तवा रेती कोनं उकरली? त्याच्या मानसाले मत देऊ का मी?"
"मग दगड?"
"दगडासाठी याले धरता येते. शब्द देलता, उशिरा का होईना, विहीर त्यानंच खोदली. वकिलाले काय मनून धरलं असतं?"
राग होता तेवढा सगळा होता, ठेवायला जागा नव्हती. शेवटी टोचून म्हटलं, मग भर की उद्यापासून त्याच्या विहिरीवर.
तिनं तव्यावरची भाकर उलटली. "त्या दगडाखाली मी हंडा नाई भरनार. मत देलं, मान नाई देली."

२ मार्च
सकाळी ती हंडा घेऊन निघाली. विहिरीजवळून गेली, थांबली नाही. नाल्याची वाट धरली. तिच्यामागे बाकीच्या.

दुकान उघडलं नाही. घरातला दुसरा हंडा घेतला आणि मागे गेलो. वाटेत पाटलाच्या गड्यांनी पाहिलं, हसले असतील. झिऱ्यात पाणी तळाला गेलंय, वाटी बुडत नाही. गुडघे टेकून रेती उकरली. तिनं वाटी माझ्याकडे सरकवली.

दगडासाठी आ.कडे यवतमाळला जायचंय. कधी, आणि कोणी कोणी, हे या वेळी बायकांना विचारून.