जनाचं पान

१ सप्टेंबर, सोमवार
लागली एकदाची नोकरी! खालापूरजवळ औषधांच्या बाटल्या भरणारी कंपनी, कॉम्प्युटर विभाग. राहायला दहिवलीत खोली, खिडकीतून नदी दिसते, आणि घरमालकीण चहा आयता आणून देते. अजून काय हवं? कंपनीची सगळी माहिती डेटाबेसच्या तक्त्यांमध्ये असते. एसक्यूएल भाषेत क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला विचारायचा प्रश्न, लिहून रोज त्यातून कॅन्टीनची आणि बसची यादी काढायची, एवढंच काम. यादीत नाव नाही तर ताट नाही आणि बसमध्ये जागाही नाही, असा इथला खाक्या.

माझ्याबरोबर कोंडाण्याची प्रिया लागलीय. दोघीही तात्पुरत्या. घटस्थापनेला एकीलाच कायम करणार, असं आमच्या विभागाच्या कमलेश सरांनी हसत हसत सांगितलं. प्रियानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना घरचे मोदक वाटले. लाडीगोडी नुसती! मोदक बरे होते.

५ सप्टेंबर, शुक्रवार
या जॉइनपायी डोक्याचं भजं झालंय. दोन तक्ते जोडायचे: एकात सगळ्या कामगारांची नावं, दुसऱ्यात आजची हजेरी. साधा जॉइन लावला तर दोन्हीकडे असेल तोच यादीत येतो. लेफ्ट जॉइन लावला तर पहिल्या तक्त्यातले सगळेच येतात, हजर असोत नसोत. कळतं सगळं, पण लिहायला बसलं की घोळ. प्रियाचं मात्र पाच मिनिटांत होतं, आणि वर मलाच विचारते, आरोही, मदत करू का गं. तुझी मदत घेण्यापेक्षा मी म्हशी राखीन. सर तिच्या खुर्चीमागे उभे राहून वा वा करतात, तेव्हा माझ्या पोटात अगदी निखारा पडतो. लिहून टाकते, जळते मी तिच्यावर.

९ सप्टेंबर, मंगळवार
आज फजिती. घाईत लेफ्ट जॉइन लागला. इथे सोडून गेलेल्यांची नावं तक्त्यातून काढत नाहीत, म्हणून कॅन्टीनच्या यादीत गैरहजर लोकांबरोबर एक भलतंच नाव आलं: जना. ठकीमावशी यादी वाचून हाक मारते आणि ताट वाढते. तिनं आपल्या नादात जनाला हाक मारली, वाढलं, आणि मग हातातली पळी तशीच राहिली.

जना माझ्याच खुर्चीवर बसायची. उद्या कायम करतो म्हणून तिला सांगितलं होतं आणि त्याच रात्री ती तापानं गेली. ती तं गेली गं गेल्या साली, मावशी म्हणाली, आन् तू तिला पितरांच्या पंधरवड्यात नाव घेऊन जेवायला बोलावलंस? हे पान आता मागं कावळ्याला ठेव, जेव आन् जा म्हण, नायतर ती जायची नाय. मी हो म्हटलं. पण प्रिया फिदीफिदी हसत होती. संतापानं मी ताट मोरीत रिकामं केलं आणि जागेवर येऊन बसले.

१० सप्टेंबर, बुधवार
पाणी प्यायला उठले आणि परत येऊन बघते तर अर्धवट क्वेरी पुरी झालेली! चालवली, यादी एकदम चोख. वर दोन आडव्या रेघा मारून एक ओळ लिहिलेली. अशा रेघांमागचं कॉम्प्युटर वाचत नाही, ते माणसासाठी असतं. ओळ अशी: मी आहे ना.

घाबरले. पण सर म्हणाले, शाबास, आणि प्रियाचं तोंड एवढंसं झालं. मग कसली भीती!

१५ सप्टेंबर, सोमवार
रोज मदत येते. तीन तक्त्यांचा जॉइनसुद्धा लोण्यासारखा. मावशी रोज विचारते, पाठवलंस का तिला? मी म्हणते, पाठवलं. घटस्थापना होऊ दे, मग पाठवीन. प्रियानं आज विचारलं, कोण शिकवतं गं तुला? सांगते होय मी! मी क्वेरीवर गंमत म्हणून लिहिलं, ही प्रिया नको बाई इथे.

उत्तर आलं: बरं.

१७ सप्टेंबर, बुधवार
बसच्या यादीत प्रियाचं नाव नव्हतं. ड्रायव्हरनं चढू दिलं नाही. मी खिडकीतून पाहिलं, ती पिशवी छातीशी धरून रस्त्यात उभी होती. मला हसू आलं. खरंच आलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार
प्रिया आली नाही. सरांना विचारलं. ते म्हणाले, कोण प्रिया?

तिचा डबा अजून खणात आहे. मोदकांचा. मी सगळे तक्ते धुंडाळले. नाव कुठेच नाही. मी लिहिलं, परत आण तिला. उत्तर: तूच म्हणालीस.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
आज मी काढलेल्या यादीत माझं नाव होतं, जनाचं नव्हतं. तरी मावशीनं हाक मारली, जना. आणि ताट माझ्यापुढे ठेवलं. माझ्याकडे बघत.

सर म्हणाले, जना, यादी छान. माझी यादी! राबायचं मी आणि नाव तिचं? भीतीपेक्षा रागच जास्त आला.

२० सप्टेंबर, शनिवार
घरमालकिणीनं चहा आणला नाही. खोली रिकामी आहे, असं कुणाला तरी दारातच सांगत होती. मी आत असताना —

मावशीचे पाय धरले. ती खूप वेळ डोळे बारीक करून बघत राहिली, मग तिनं मला ओळखलं. म्हणाली, उद्या सर्वपित्री हाय. पान ठेव. तिचा जीव नोकरीत अडकलाय. ही नोकरी तुझी, असं तोंडानं बोल, मग कावळा शिवंल.

एवढंच बोलायचंय.

२१ सप्टेंबर, रविवार
कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर बसून लिहितेय. पान ठेवलं. वरण, भात, वडा. कावळा भिंतीवर. खाली येईना. मावशी म्हणाली, बोल गं, बोल. बोलायला गेले आणि आठवलं, उद्या घटस्थापना. इतकं सोसलं ते हिला द्यायला? तोंडातून निघालं — जना, जेव आणि जा, नोकरी माझी.

कावळा तसाच.

मग मावशीनं इकडे तिकडे पाहिलं. माझ्यातून आरपार. विचारलं, हे पान कुणाचं गं वाढलंय? आणि माझ्या मागून कुणीतरी, अगदी गोड आवाजात —

आरोहीचं.

मावशीनं हात जोडले. आरोही, जेव गं बाय, आन् जा.

कावळा लगेच उतरला. मी ओरडतेय, मावशी, मी इथे — ती पदरानं डोळे पुसतेय — कावळा भात खातोय — मी सकाळपासून उपाशी आहे, आणि माझं पोट भरत —