नाव कळवण्यात आले

३ मार्च, मंगळवार
पान ६१ पर्यंत टाइप झालं. ह्यांचा हात थरथरतो, म्हणून वहीतलं सगळं मुलाच्या, निखिलच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवायचं काम माझ्या गळ्यात. एकतीस वर्षं मराठीच्या वह्या तपासल्या, आता नवऱ्याची. पानोपानी ‘साहेब’. साहेब आले, साहेब हसले, साहेबांनी स्वतःच्या हाताने आंबा कापून दिला. ज्याच्या नावाने अख्खा देश चळाचळा कापायचा, तो हुकूमशहा इथे नुसता लोणी खाणारा बाळकृष्ण. मान्य आहे, हे त्याच्या खासगी बोटीवर नऊ वर्षं चीफ इंजिनीअर होते, त्याचं मीठ खाल्लंय. पण मेल्यावरही किती अहो-जाहो करायचं? मी दोन ठिकाणी ‘तो’ केलं. ह्यांनी परत ‘ते’ करायला लावलं.

५ मार्च
लायब्ररीतून ती दोन पुस्तकं पुन्हा आणली ह्यांनी. एक त्याच्या आचाऱ्याचं, एक अंगरक्षकाचं. ती वाचूनच ह्यांना लिहायची खुमखुमी आली. आज मीही चाळली. भात किती मऊ लागायचा, कुठल्या कुशीवर झोपायचा, दोघांनाही तोंडपाठ. माणसं उचलून कुठे न्यायचे ते मात्र एकालाही माहीत नाही. पालुपद एकच, आम्ही आपलं काम केलं. डोकं तडकलं माझं.

७ मार्च, शनिवार
जेवताना इराने विचारलं, आजोबांचं बुक कशावर? सांगितलं. म्हणाली, “सो हिज बॉस वॉज द बॅड गाय? देन व्हाय नेव्हर क्विट? कॅन क्विट, व्हॉट.” अकरा वर्षांची पोर, इथलंच इंग्रजी. हे हसले, तिचा गाल ओढला. मला हसू आलं नाही. सुनेने विषय बदलला. इथल्या मराठी वाचनगटाने अक्षय्य तृतीयेला प्रकाशन ठरवलंय, खाली कॉन्डोच्या हॉलमध्ये. आमरस-पुरीचा बेत. लोक येतील, साहेबांचे किस्से ऐकतील, ताट वाढून घेतील.

९ मार्च
पान ८८. जसंच्या तसं उतरवते:
‘जनरेटर बंद पडण्यास जबाबदार असलेल्या व्यक्तीचे नाव कळवण्यात आले व सदर इसमास बोटीवरून उतरवण्यात आले.’
सदर इसम. दत्ता फिटर, गुहागरकडचा. ह्यांनीच नोकरीला लावलेला, आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवलेला. त्याचं नाव लिहायला शाईही संपली ह्यांची.

बाहेर गेले तर हे टीव्हीसमोर. विचारलं, “कोणाकडून?”
“काय कोणाकडून?”
“नाव कळवण्यात आलं. कोणाकडून? वाक्यात कर्ता कुठाय?”
“अगं, शाळा सुटली आता तुझी.”
ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि तिकडेच बघत राहिले.

१० मार्च
झोप नीट नाही. गोष्ट काय तर एवढीशी. बोटीवर दुपारचं जेवण चालू, परदेशी पाहुणे बसलेले. जनरेटर गेला. एसी बंद, वीसेक मिनिटं. त्या हुकूमशहाला पाहुण्यांसमोर घाम आला. बस, एवढंच. संध्याकाळी दत्ताला मोटरबोटीत बसवून किनाऱ्यावर नेलं. परत आला नाही, प्रेतसुद्धा नाही. घाम आला म्हणून.

ह्यांच्या वहीत त्या दिवसाचा मेनू आहे, पाहुण्यांची नावं आहेत. पान ८७ भरून.

११ मार्च
बसने लिटिल इंडिया, इथला देशी बाजार. गवार, कढीपत्ता. आमसुलं दिसली, घेतली नाहीत. दत्ताची बायको सुलभा अजून दरवर्षी पाठवते, पुण्याच्या पत्त्यावर, शेजारीण फोन करून सांगते. “साहेबांनी लई शोधलं वो माझ्या नवऱ्याला” असं म्हणते. तिचे साहेब म्हणजे हे.

ती पुण्याला आली होती तेव्हा, मुलगी कडेवर. मी पोहे केले आणि ह्यांनी सांगितलेलं सांगितलं, की बोट सोडून पळाला. वर माझ्या पदरचंही घातलं, पुरुषांचा काय भरवसा, दुसरं घर केलं असेल. माझी जीभ कशी झडली नाही. पण मला तरी काय माहीत होतं? नवऱ्याने सांगितलं ते सांगितलं.

१२ मार्च
रीतसर भांडण. दार लावून, इराला ऐकू जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, कर्ता लिहिल्याशिवाय पुढचं पान टाइप करणार नाही. हे म्हणाले, तुला काय कळतंय, तिथे नकार देणारा माणूस घरी येत नव्हता. म्हटलं, मग तेच लिहा, भीती वाटली म्हणून लिहा. ‘सदर इसम’ कशाला? तर म्हणे लोक काय म्हणतील. चोराच्या मनात चांदणं.

निखिल मध्ये पडला. “आई, इतकी वर्षं झाली. तो पॅरा काढूनच टाका ना. कोणाला कळणारे?” शांतपणे म्हणाला, ऑफिसातली फाइल मिटवावी तसा. मी पोटच्या पोराला असं कधी बोलले नव्हते. दत्ता आधीच एकदा काढून टाकलाय, म्हटलं, आता कागदावरूनही काढा. सूनबाई खोलीत निघून गेली. गवार करपली.

१४ मार्च
हे बोलत नाहीत. मीही नाही. सकाळी एकटेच समुद्राकडे फिरायला गेले, दहाला आले, न खाता वही घेऊन बसले. जेवायला हाक मारली नाही मी. मारायला हवी होती, शुगर आहे. इराने त्यांना केळं नेऊन दिलं.

१६ मार्च, सोमवार
छापखान्याला फाइल उद्या अकराला जायची आहे. मघाशी हे माझ्यासमोर एक कागद ठेवून गेले. अक्षर वेडंवाकडं, पण एकही खाडाखोड नाही.
‘पंप बदलायला हवा असे दत्ताने मला दोनदा सांगितले होते. मी बंदर येईपर्यंत थांबायचे ठरवले. चूक माझी होती. अधिकाऱ्याने विचारले तेव्हा मी दत्ताचे नाव दिले. तो माझ्यामागे उभा होता, त्याने ऐकले.’
रडले. संतापाने रडले की कशाने, माहीत नाही. मग कागद उलटला.
‘त्याच आठवड्यात मी पत्नीला फोनवर हे सर्व सांगितले. ती म्हणाली, बरं केलंत, तुम्ही तरी सुटलात.’

तरातरा बाहेर गेले. हे इराची सायकल पुसत होते.
“मी असं म्हणाले होते?”
“म्हणाली होतीस.”
“हे लिहायची काय गरज?”
“कर्ता लिहा म्हणालीस ना,” एवढंच. आवाज चढवला नाही, वर बघितलंही नाही.

म्हणाले होते. फोन बैठकीत होता, निखिलला ताप होता, मी एका हाताने त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी धरलेली. शब्द न् शब्द हेच. हे जिवंत आहेत एवढंच कानात शिरलं होतं. त्यानंतर दोन महिन्यांनी सुलभा आली. पोहे केले ते सगळं माहीत असूनच. परवा ह्याच वहीत लिहिलंय मी, मला तरी काय माहीत होतं.

दुपारी टाइप करायला बसले. ह्यांची बाजू भराभर झाली, अक्षरही इकडचं तिकडे न करता. माझ्या ओळीशी आल्यावर टाइप केलं: ‘घरी कळवले असता, झाले ते बरे झाले असे सांगण्यात आले.’

वाचलं. चार वाजलेत. अजून खोडलेलं नाही.