गोळीची साखर, सुईची साखर

३ सप्टेंबर २०२५

रंजिताचं वजन पाच किलोंनी उतरलं! आनेकलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं – टाइप टू डायबेटिस आहे, गोळ्या घे, भात कमी कर, चाल. मी तिला रोज पहाटे ओढत नेते. मान अजून काळवंडलेलीच आहे, पण गाल बसले. म्हणाली, "अक्का, तू बहीण आहेस का हवालदार?" म्हणू दे. विसाव्या वर्षी लागलेल्या गोळ्या मी तिला आईसारख्या जन्मभर खाऊ देणार नाही. नाहीतर घरातली पहिली बी.एस्सी. झाले ते कशासाठी?

२२ सप्टेंबर

आज घट बसले. निपाणीहून आईचा फोन – "रंजीला नऊ दिस उपास धरू दे. साखरबी उतरंल, देवीचंबी हुईल." मला पटलं. मग मीच रंजिताला पटवलं.

२४ सप्टेंबर

रंजिता कामावर गेली नाही. सारखी पाणी पिते. उपासाची सवय नाही, म्हणून असेल.

२६ सप्टेंबर

बोम्मसंद्र्याला कंपनीच्या लॅबमध्ये होते, तेवढ्यात शेजारच्या गंगव्वांचा फोन. धावत घरी आले. रंजिता उलट्या करून आडवी, श्वास धापेसारखा, तोंडाला पिकल्या फळासारखा वास! ऑटोवाले अण्णा सारखे मागे वळून "अळबेडम्मा, अळबेडम्मा" म्हणत होते – रडू नको. मी रडत होते हे तेव्हा कळलं.

आता आयसीयूत आहे. काचेतून फक्त पाय दिसतात. हलले की मी श्वास घेते.

३० सप्टेंबर

वाचली!

डॉ. पद्मावतींनी नीट समजावलं. मी विचारलं, मग टाइप वन आहे का टू? म्हणाल्या, "हिच्यात दोन्ही आहेत." इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीर स्वतःच मारतंय – ते वन. आणि उरलेलं इन्सुलिनही धड लागू पडत नाही – ते टू, आईसारखं. अंग भरलेलं, मान काळी, घरात साखर – सगळ्यांनी टू तेवढं बघितलं. वजन उतरत होतं कारण ती आतून झिजत होती. आणि मी टाळ्या वाजवत होते.

गोळी चालू राहील. पण इन्सुलिन चुकवायचं नाही. "एक दिवससुद्धा नाही," डॉक्टर दोनदा म्हणाल्या.

७ ऑक्टोबर

रंजिता घरी आली. इन्सुलिन स्वतःच टोचून घेते. पोटाकडे बघत नाही, खिडकीकडे बघते. रात्री मी मध्येच उठून तिच्या नाकाशी बोट धरते. "जिती आहे मी, झोप की!"

१२ ऑक्टोबर

आईशी फोनवर भांडण. दिवाळीत संकेश्वरची माणसं रंजिताला बघायला येणार. मुलाचं नाव अभिजीत, चांगला आहे म्हणे. आई म्हणते, "गोळीची साखर घरोघर हाय. सुई दिसली की सोयरीक गेली." मी डॉक्टरांचं सगळं पुन्हा सांगितलं. तर – "दोन्ही हाय म्हनं न्हवं? मग चार दिस गोळीचं तेवढं धरू."

अशी वाटणी होते का? भावकीतलं शेत आहे का हे!

मी म्हटलं, आधी सांगायचं, मगच बोलवायचं. रंजिता मध्येच म्हणाली, "तुला सोपं आहे अक्का. तू शिकलीस. माझ्यासाठी कोण थांबलंय?"

मी उठून भांडी घासायला घेतली.

१६ ऑक्टोबर

रंजिता निपाणीच्या गाडीत बसली. कंपनीत ऑडिट आहे, मला रविवारशिवाय निघता येत नाही. तिची पिशवी मीच भरली – इन्सुलिनची पेनं, सुया, साखर बघायचं मशीन. निघताना गळ्यात पडली. "घाबरू नकोस. घेते मी." हसली. किती दिवसांनी हसली!

१८ ऑक्टोबर

फ्रीजमधला भाजीचा खण उघडला. कढीपत्त्याखाली तिची इन्सुलिनची पेनं. दोन्ही.

आईला फोन केला. "झोपलीया गं. सकाळधरनं उलट्या हुत्यात. फराळ बाधला असंल."