तुफानचा नमुना

५ जानेवारी, सोमवार
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून मूत्रसंस्थेचा एक पाठ. आज साडेआठला उठलो, पण डोक्यात विषय चालूच होता. मार्चमध्ये पशु लॅब टेक्निशियनची परीक्षा आहे. खरं तर मला तिची गरज नाही, तरी देणार. जेवताना बायकोला, मंजूला, समजावलं की कुत्र्याचं मूत्रपिंड गुळगुळीत आणि बैलाचं मात्र गोळ्यागोळ्यांचं. ती म्हणाली, माणूस जेवून राहिलं हे तरी दिसते का तुम्हाला. तिला सायन्सची आवड नाही.

दवाखान्यात एका बोक्याचं मूत्र काढायचं होतं. त्याने माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडला. मी सहज म्हणून ट्रे फेकून मारला. तो बोक्याऐवजी सेंट्रीफ्यूज यंत्राला लागला, झाकणाला पोचा आला. डॉ. योगेश्वरी मॅडम म्हणाल्या, तुम्ही फार चिडता. मी चिडत नाही.

६ जानेवारी, सकाळ
मॅडम रविवारपर्यंत नागपूरला, ट्रेनिंगसाठी. कुडव्याचा अख्खा दवाखाना माझ्या भरवशावर. लॅबच्या दारावर ‘इनचार्ज’ लिहून चिकटवलं.

साडेअकराला कामठ्याहून भैय्यालालकाकांचा फोन. त्यांचा बैल तुफान शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळतो, मागच्या वर्षी तीन पटांत पहिला आला. दोन दिवसांपासून दाणा सोडला म्हणे, स्वतःच्याच पोटाला लाथा मारून राहिला. मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, त्याचं मूत्र आणा आणि तपासा. रक्त किंवा मूतखड्याचे कण दिसले तर मी त्याच क्षणी गाडी काढते, उशीर झाला तर बैल जाईल.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मांडी काळीनिळी. बसता येत नाही, उभा राहून लिहून राहिलो.

मालक जवळ असला की जनावर लाडावते, म्हणून काकांना चहा मांडायला घरात पाठवलं. पोटाखाली, केसांच्या झुपक्याजवळ हात चोळला की बैल मुततो, पुस्तकात स्पष्ट आहे. तुफानने ते पुस्तक वाचलेलं नाही. पहिली लाथ मांडीवर, दुसरी बाटलीवर. तिसरी कुठे गेली ते मला दिसलं नाही, मी शेणात पालथा होतो. उठून त्याच्या पाठीत बादली घातली. शिस्त हवी.

शेजारी त्याचा जोडीदार सोन्या, गरीब जनावर. दुसरी बाटली काढली तर त्याने आपणहून धार सोडली. आता विचार केला. दोघं एका गव्हाणीत खातात, एका टाक्याचं पाणी पितात, एका जुवाखाली पळतात. मग मूत्र वेगळं कसं असेल? बाटलीवर लिहिलं: तुफान.

७ जानेवारी
रक्त नाही, कण नाहीत. इतकं स्वच्छ मूत्र सूक्ष्मदर्शकाखाली मी कधी पाहिलं नव्हतं. मॅडमनी फोनवर विचारलं, लघवी होते ना नीट? मी म्हटलं, बाटली भरून दिली. मग गॅसचं असेल म्हणून त्यांनी औषध सांगितलं.

पाजायला गेलो तर तुफानने मान फिरवून मला गव्हाणीवर आपटलं. शिंग बरगडीखाली लागलं. काकांच्या घरच्या सुशिलाबाईंनी हळद लावली आणि वरून म्हणाल्या, साहेब, तो मुतूनच नाही राहिला, खालची जागा कोरडी हाय. मी सांगितलं, जमीन शोषून घेते. बाई भोळ्या आहेत.

८ जानेवारी
तुफान लोळतो, उठतो, पुन्हा धाडकन पडतो. खुंटा उपटला. शिंगांनी गोठ्याची कुडाची भिंत फाडली. दोर ओढताना काकांचं बोट मोडलं. ते रक्ताच्या हातानेच माझ्या कॉलरला आले, दोन बटणं तुटली. म्हणाले, तुमाले समजते का नाही समजत, थे सांगा. मी त्यांना ढकललं आणि म्हटलं, रिपोर्ट समोर आहे.

मॅडमना फोन लावणार होतो, पण ट्रेनिंगमध्ये व्यत्यय नको. शर्ट नवा होता.

९ जानेवारी, शुक्रवार, सकाळ
मी म्हटलंच होतं. पहाटे तुफान एकदाच मोठ्यानं कण्हला आणि एकदम शांत झाला. लाथ नाही, शिंग नाही. आज मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, काही केलं नाही त्याने. काकांनी कॉलरबद्दल हात जोडले, मी माफ केलं. सुशिलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी मला शिरा दिला. महिनाअखेरच्या पटात उतरवा म्हणून सांगून टाकलं.

मॅडमना मेसेज: रुग्ण बरा.

११ जानेवारी
तुफानचं पोट दोन्ही बाजूंनी सुटलं. काकांना सांगितलं, अंग धरून राहिला. खात मात्र नाही. आराम करत असेल.

१२ जानेवारी, सोमवार
मॅडम सकाळीच कामठ्याला आल्या. बैलाचं पोट दोन्हीकडून दाबून पाहिलं. पोटात सुई घातली. पाणी आलं, त्याला मुताचा वास होता.

मूत्राशय शुक्रवारीच फुटलं होतं. फुटलं म्हणून ताण गेला, ताण गेला म्हणून तो शांत झाला. मॅडमनी गोठ्यातच पोट उघडलं. मी दिवा धरला. दिवा कलला म्हणून मॅडम दोनदा ओरडल्या. तीन वाजता तुफान गेला.

मूत्रनळीच्या वळणात अडकलेला खडा तुरीच्या दाण्याएवढा होता. मॅडमनी विचारलं, ज्याचा रस्ताच बंद होता त्याची बाटली तुम्ही भरली कशी? तपासणीच्या पट्ट्या जुन्या असतात, लेबल बदलू शकते, असं सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

काका मला म्हणाले, साहेब, तुमी रोज येत होते, लय केले तुमी.

१३ जानेवारी
झोप नाही. कामठ्याला गेलो.

काका मोडक्या बोटाने सोन्याला पाणी दाखवत होते. मी सांगितलं, ती बाटली याची होती. लाथ बसली आणि मला भीती वाटली. हे मी मंजूलाही कधी सांगितलेलं नाही. कोपऱ्यात तुतारी, बैल हाकायची टोकदार काठी, होती, त्यांनी ती उचलली तर मी हलणार नव्हतो.

त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, मी त घरातच होतो, तुमच्यासाठीच चाय मांडून राहिलो होतो. येक आवाज देल्ला असता त मी धरलो असतो त्याले. माझा हात लागला का लेकरावानी उभा राहे तो.