सृष्टीच्या स्टिकची निगा

सातारा, रविवार सकाळ

प्रिय क्रांती,

फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "बाई, ते तेलाबिलाचं लिहूनच पाठव, माझ्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई." घे, लिहायला बसले. पाकीट मिळवायला तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानदाराने तर मी कुठल्या काळातून आले अशा नजरेने पाहिलं. मेसेज करता आला असता, पण फोनवर तू मधेच बोलतेस आणि मी गप्प बसते. आज मला गप्प बसायचं नाही.

आधी तुझ्या लेकीच्या हॉकी स्टिकचं. शाळेने सृष्टीला जुनी लाकडी स्टिक दिली म्हणून नाक मुरडू नकोस. हल्लीच्या कॉम्पोझिट स्टिक ताठ असतात, चेंडू लांब जातो, पण नवख्या पोरीच्या स्टिकवरून तो उडूनही जातो. तुतीचं लाकूड जरासं नमतं, आलेला चेंडू थांबवून घेतं. शिकायला तेच बरं. सांभाळायचं ते खालचं वळलेलं ब्लेड. खेळून आली की माती झाडायची, कोरड्या फडक्याने पुसायचं आणि स्टिक सावलीत, वारा लागेल अशी आडवी ठेवायची. महिन्यातून एकदा जवसाच्या तेलाचा नुसता हात फिरवायचा. हे काम तू करू नकोस. शाळेत असताना तुझ्या हातच्या चपात्या मी खाल्ल्यात, तेलाच्या बाबतीत तुझा हात फार सढळ आहे. तेल जास्त झालं की ब्लेड जड होतं आणि त्याचा ताठपणा जातो. बोटाच्या पेराने ठोकून बघायला सांग तिला. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत ओल आहे असं समजायचं.

हे सगळं तुलाही ठाऊक होतं गं. कुंडलच्या शाळेच्या मैदानावर नाथाजी सर आपल्याला रांगेत बसवून स्टिक पुसायला लावायचे. फौजेतून आलेला माणूस, शिस्त म्हणजे शिस्त. "लाकूड हाय ते पोरींनो, लोखंड न्हाई. तहान बी लागतीया त्येला, आन आग बी सोसत न्हाई," असं म्हणायचे आणि तू मागे बसून त्यांची हुबेहूब नक्कल करायचीस. हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

माझं विचारलंस तर ठीक चाललंय. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी, दोन खोल्या, आणि जिने चढताना कुरकुरणारा गुडघा. ऑफिसात कुणाला माहीत नाही मी कुठल्या जागेवर खेळायचे, कुणी विचारतही नाही. रविवारी मैदानाच्या कडेच्या भिंतीवर चेंडू मारत बसते. भिंत पास अगदी बरोबर परत देते, पण "हिकडं दे की गं, झोपलीस काय?" असं कधी ओरडत नाही. सण आले की स्वतःपुरतं थोडंसं गोड करते आणि तेही दुसऱ्या दिवशी उरतं. मी एकटी आहे, क्रांती. पूर्वी हे कबूल करायला कमीपणा वाटायचा, आता वाटत नाही.

सांगलीच्या निवड चाचणीनंतर तू मैदानावर आली नाहीस. तुझ्या घरी यायचं मीच टाळलं. तुझ्या लग्नाला तासगावला आले होते, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघाले. एसटी चुकेल असं सांगितलं होतं. तासाभराने दुसरी एसटी होती.

परवा तू सहज बोलून गेलीस की सृष्टीचा निवासी शिबिराचा फॉर्म तसाच पडलाय, महिनाअखेर शेवटची तारीख आहे, आणि तू सही करणार नाहीस. "माझीच पोर हाय ती. ऐन वक्ताला तिचंबी मनगट मऊ पडलं तर? म्या भोगलंय ते. नगंच." तू हसत बोललीस. मला रात्री जेवण गेलं नाही.

तुझं मनगट मऊ पडलं नव्हतं. चाचणीच्या दोन दिवस आधी तुझी स्टिक पाटाच्या पाण्यात पडून भिजली होती. सरांना कळलं तर काय, म्हणून तू रडकुंडीला आलीस आणि मी म्हटलं, दे, मी वाळवते. आमचं गुऱ्हाळ चालू होतं. मी ती रसाच्या कढईखालच्या चुलवणाच्या धगीला लावून ठेवली. तासाभरात ब्लेड असं टणक झालं की मला वाटलं, काय काम केलंय! सकाळी पाहते तर ब्लेडच्या टाचेपासून वर एक केसासारखी भेग. तिच्यावर मी टेप गुंडाळली आणि स्टिक तुझ्या हातात दिली. तू म्हणालीस, "लय भारी झालीया गं." तोवर तो माझा अडाणीपणा होता, भीती होती. पण मैदानात तुझा एकेक फटका दोन हातांवर मरायला लागला, तू स्वतःच्या मनगटाकडे बघायला लागलीस, तेव्हा मी रेषेबाहेर उभी होते. सरांच्या पिशवीत दुसरी स्टिक होती. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. संघात एकच जागा उरली होती, तुझी नाहीतर माझी, आणि हे मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. मी बोलले नाही. ही नोकरी, या दोन खोल्या, सगळं त्या गप्प बसण्यातून आलंय. वीस वर्षं तू स्वतःला दोष दिलास, आणि आता तोच दोष पोरीच्या माथी मारायला निघालीस, म्हणून हे पत्र लिहिलं. फॉर्मवर सही कर. माफी मागायला मला तोंड नाही. चिडशील तर फोनवर चिडू नकोस, सातारला ये, समोर बस आणि हवं तेवढं बोल. वीस वर्षांत माझ्यावर हक्काने चिडेल असं कुणी उरलेलं नाही.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
प्रियदर्शनी